हिवाळी अतिसाराची कुळकथा

अतिसार आणि पावसाळा यांची सांगड महाराष्ट्रातील माणसाच्या मनात इतकी पक्की बसलेली आहे की, एकाचे नाव निघताच दुसऱ्याची आठवण व्हावी. आषाढात नद्यांना गढूळ पाणी येते, आडा-विहिरींत वाहवणीचे पाणी उतरते, माश्या वाढतात आणि घरोघर पोटाच्या तक्रारी सुरू होतात. पंढरीच्या यात्रेकरूंबरोबर पटकीही गावोगाव हिंडत असे, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तरांत पुष्कळ आहेत. पटकीचे बीज पाण्यातून पसरते हे पंडितांना पुढे प्रयोगांनी समजले. परंतु तिचा मोसम कोणता, हे निरक्षर माणसासही ठाऊक होते.

पण पोटाच्या विकारांना आणखी एक मोसम आहे, आणि त्याची जाणीव मात्र फार उशिरा झाली. हा मोसम मार्गशीर्षात सुरू होतो आणि पौष-माघात ऐन भरात येतो. आकाश निरभ्र असते, पाणी निवळलेले असते, माश्यांचा उपद्रवही कमी झालेला असतो. अशा वेळी एखाद्या धडधाकट तान्ह्या मुलास एकाएकी वांती सुरू होते, अंग तापते, मागोमाग पाण्यासारखे जुलाब लागतात आणि दोन दिवसांत मूल सुकून जाते. आयाबायांनी त्याचे कारण कधी दातांवर घातले, कधी थंडीवर, कधी कोणाच्या दृष्टीवर. त्यांना हसण्याचे कारण नाही, कारण पदवीधर वैद्यांचेही या बाबतीतील ज्ञान 1970 पर्यंत याहून फारसे पुढे गेलेले नव्हते.

या विकारास वैद्यकाच्या ग्रंथांत स्वतंत्र नाव मिळाले ते 1929 साली. अमेरिकेतील सेंट लुई शहरी डॉ. जॉन झाहोर्स्की या नावाचे एक बालवैद्य होते. लहान मुलांच्या अंगावर उठणारे पुरळ, घशातील फोड अशा सामान्य वाटणाऱ्या गोष्टी बारकाईने पाहून टिपून ठेवण्याचा त्यांना नाद होता. दरवर्षी थंडी पडली की वांती व जुलाब यांनी आजारी पडलेल्या मुलांची रीघ लागते आणि वसंत ऋतू आला की ती ओसरते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी या रोगास लॅटिन भाषेत ‘हायपरएमेसिस हायेमिस’ असे नाव दिले. म्हणजे हिवाळ्यातील अनावर वांती. या नावातील ‘हायेम्स’ हा लॅटिन शब्द आणि आपला ‘हेमंत’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, तेव्हा हेमंती वांती असे त्याचे मराठी केले तरी ते परके वाटू नये. झाहोर्स्की यांना रोगाचे कारण सांगता आले नाही. त्यांनी नाव दिले ते ऋतूचे, आणि त्या वेळी तेवढेच खात्रीने सांगण्यासारखे होते.

नेमक्या त्याच काळात हे नाव सुचावे यालाही कारण आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील शहरांत लहान मुलांचा खरा काळ उन्हाळा हा होता. नासलेले दूध, उघडी गटारे आणि माश्या यांच्यामुळे उन्हाळी अतिसाराने हजारो अर्भके दगावत. पुढे दूध तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत आली, नळाच्या पाण्यात क्लोरिन पडू लागले, गटारे बांधली गेली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत उन्हाळ्यातील मृत्यू झपाट्याने घटले. पूर ओसरल्यावर पात्रातील खडक उघडे पडावेत त्याप्रमाणे उन्हाळी रोग हटला तेव्हा हिवाळी रोग दिसू लागला. तो पूर्वीही असला पाहिजे. पण मोठ्या दुःखाच्या आड लहान दुःख झाकले जाते. जपानातील वैद्यांनीही त्या शतकाच्या आरंभीच हिवाळ्यात तान्ह्या मुलांना होणाऱ्या पांढुरक्या जुलाबांची नोंद करून त्यास ‘हाकुरी’, म्हणजे श्वेतातिसार, असे नाव दिले होते. सेंट लुई आणि जपान यांचे हवामान, अन्न आणि राहणी यांत साम्य ते काय? तरीही रोग एक आणि ऋतू एक. स्वच्छ दूध व स्वच्छ पाणी यांनी उन्हाळी रोग आवरला, तसा हा आवरत नव्हता.

मग तो होता कशाने? जंतुशास्त्रज्ञ आजाऱ्यांची विष्ठा तपासत, आणि बहुतेक वेळा तीत दोषी ठरवावा असा एकही जंतू सापडत नसे. अशा वेळी संशय विषाणूंवर जातो. विषाणू म्हणजे जंतूंना अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही पार निघून जाणारा आणि साध्या सूक्ष्मदर्शकास न दिसणारा रोगकारक. 1940 नंतरच्या काही वर्षांत बाल्टिमोर व वॉशिंग्टन येथील रुग्णालयांत नवजात बालकांत अतिसाराच्या साथी आल्या. जेकब लाइट व होरेस होड्स या दोघा डॉक्टरांनी त्या बालकांची विष्ठा अशा गाळणीतून गाळून तो द्राव वासरांना दिला. वासरांना जुलाब लागले. हा प्रयोग 1943 साली प्रसिद्ध झाला. महायुद्धाच्या धामधुमीत त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. परंतु होड्स यांनी एका वासराच्या विष्ठेचा नमुना सुकवून जपून ठेवला होता. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा खरा अपराधी त्यात जसाच्या तसा बसलेला आढळला. शास्त्राच्या इतिहासात अशी जपणूक क्वचितच फळास येते.

1947 साली न्यूयॉर्क संस्थानातील गॉर्डन, इंग्रॅहम व कॉर्न्स यांनी आणखी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. एका साथीतील आजाऱ्यांच्या विष्ठेचा गाळलेला अंश त्यांनी राजीखुशीने पुढे आलेल्या प्रौढ माणसांस पाजला, आणि त्यांना तोच विकार जडला. रोग सांसर्गिक आहे आणि तो तोंडावाटे जातो, एवढे यावरून निश्चित झाले. रोगकारकाचे दर्शन मात्र अजून कोणासही झालेले नव्हते.

ते होण्यास निमित्त झाली एक प्राथमिक शाळा. 1968 च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस ओहायो संस्थानातील नॉरवॉक गावी एका शाळेतील 232 विद्यार्थी व शिक्षक यांपैकी निम्मे लोक दोन दिवसांच्या आत वांती व पोटदुखी यांनी आजारी पडले. त्यांच्या घरच्या माणसांपैकीही सुमारे एकतृतीयांशांना लागण झाली. सर्वजण एक-दोन दिवसांत बरे झाले, कोणी दगावले नाही. एरवी हा प्रसंग गावकऱ्यांच्याही लवकरच विस्मरणात गेला असता. परंतु त्या साथीतील नमुने राखून ठेवण्यात आले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. अल्बर्ट कपिकियन यांच्या हाती पोहोचले. कपिकियन यांची युक्ती साधी होती. या रोगातून उठलेल्या माणसाच्या रक्तात त्या रोगकारकास चिकटणारी प्रतिपिंडे असणार. तेव्हा त्या माणसाचे रक्तजल विष्ठेच्या गाळलेल्या द्रवात मिसळले, तर विखुरलेले कण परस्परांस चिकटून त्यांचे पुंजके होतील आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ओळखता येतील. 1972 साली तसे पुंजके त्यांना दिसले. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले तर त्यांतील सत्तावीस भागांएवढा एकेक कण होता. नॉरवॉक गावचे नाव या विषाणूस कायमचे चिकटले, आणि 2002 साली त्याच्या सबंध गोत्रास ‘नोरोव्हायरस’ ही संज्ञा अधिकृतपणे देण्यात आली. आपल्या गावाची कीर्ती अशा रीतीने व्हावी, असे कोणत्याही नगरपालिकेस वाटणार नाही. पण गावास विचारतो कोण?

दुसऱ्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास आणखी एक शोध लागला. मेलबर्न येथील मुलांच्या रुग्णालयात डॉ. रूथ बिशप या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई व त्यांचे सहकारी तान्ह्या मुलांच्या अतिसाराचा अभ्यास करीत होते. इतर सर्व संशोधक विष्ठा तपासत असता त्यांनी आजारी मुलांच्या लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील अस्तराचा सूक्ष्म तुकडा काढून तो पाहण्याचे ठरविले. नऊ मुलांपैकी सहांच्या अस्तरातील पेशी एका मोठ्या, वाटोळ्या विषाणूने भरून गेलेल्या दिसल्या. डिसेंबर 1973 मध्ये हे वृत्त ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे डॉ. थॉमस फ्लुएट यांनाही मुलांच्या विष्ठेत असेच कण आढळले. ते आऱ्या असलेल्या चाकासारखे दिसतात म्हणून त्यांनी लॅटिन ‘रोटा’, म्हणजे चाक, यावरून ‘रोटाव्हायरस’ हे नाव सुचविले. आपला ‘रथ’ शब्द याच ‘रोटा’चा भाऊबंद आहे. होड्स यांच्या जुन्या नमुन्यात जो सापडला तो हाच. पाच वर्षांचे होईपर्यंत जगातील बहुतेक प्रत्येक मुलास याची बाधा एकदा तरी होते, मग ते मूल मेलबर्नच्या बंगल्यातील असो की मुंबईच्या चाळीतील. भेद पडतो तो पुढे. वेळेवर पाणी पोटात गेले तर मूल वाचते, न गेले तर दगावते. 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे रोगी वाचविले, तोच उपाय या विषाणूंवरही चालतो; विषाणूची जात कोणती हे त्यासाठी ठाऊक असावे लागत नाही.

परंतु प्रतिबंध करावयाचा तर जात पाहावीच लागते, आणि येथून या इतिहासास निराळे वळण लागले. नोरोव्हायरसच्या अंगी जो आनुवंशिक मजकूर असतो तो आरएनए नामक द्रव्याच्या एका तंतूवर लिहिलेला असतो, आणि त्याची नक्कल होताना पडलेल्या चुका दुरुस्त करण्याची सोय नसते. हस्तलिखित पोथ्या उतरून घेताना लेखनिकांच्या हातून पाठभेद कसे शिरतात, हे मराठी वाचकास सांगावयास नको. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याचे काम शके 1506 मध्ये एकनाथांना हाती घ्यावे लागले ते त्याचमुळे. विषाणूंच्या पोथीस एकनाथ भेटत नाही. पाठभेद साचत जातात. 1990 साली नॉरवॉक विषाणूचा मजकूर प्रथम उकलण्यात आला, आणि मग देशोदेशींच्या नमुन्यांची तुलना सुरू झाली. तेव्हा असे दिसून आले की, हा एक विषाणू नसून मोठा गोतावळा आहे. 2019 च्या वर्गीकरणात त्याचे दहा गट आणि सुमारे पन्नास प्रकार गणले गेले. त्यांतील दुसऱ्या गटाचा चौथा प्रकार सर्वांत प्रबळ. 1995 पासून 2012 पर्यंत दर दोन-चार वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघत राहिली आणि ती जेथे प्रथम ओळखली गेली त्या ठिकाणाचे नाव तिला मिळत गेले : फार्मिंग्टन हिल्स, हंटर, डेन हाग, न्यू ऑर्लिन्स, सिडनी.

या आवृत्त्यांचा ऋतूशी जो संबंध आला तो फार उद्बोधक आहे. हिवाळी वांतीचे वेळापत्रक इतके पक्के मानले जात असे की, उन्हाळ्यात ती होतच नाही असा समज झाला होता. 2002 साली फार्मिंग्टन हिल्स ही आवृत्ती युरोपात शिरली आणि ऐन वसंतात व उन्हाळ्यात रुग्णालयांतून व वृद्धाश्रमांतून साथी उसळल्या. हवा बदललेली नव्हती, माणसांच्या सवयीही बदललेल्या नव्हत्या. बदलला होता विषाणूचा पाठ. जुन्या आवृत्तीविरुद्ध लोकांच्या रक्तात जी ओळख तयार झाली होती ती नवीस ओळखीना, आणि मग थंडीची वाट पाहण्याचे त्या विषाणूस कारण उरले नाही. पुढे 2024-25 च्या हिवाळ्यात अमेरिकेत दुसऱ्याच गटाच्या सतराव्या प्रकाराने चौथ्यास मागे सारले, तेव्हाही रोग्यांची संख्या नेहमीपेक्षा वाढलेली आढळली.

रोटाव्हायरसची तऱ्हा वेगळी. त्याचा मजकूर एका तंतूवर नसून अकरा सुट्या तुकड्यांत असतो. दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात आणि नव्याच मिश्रणाचा विषाणू बाहेर पडतो. गाई-म्हशींचे आणि माणसाचे रोटाव्हायरस असे एकमेकांत मिसळलेले आढळतात. जेथे गोठा आणि घर यांत एका भिंतीचेच अंतर असते, त्या आपल्या देशात या मिश्रणांचे वैचित्र्य विशेष आढळावे, यात आश्चर्य नाही.

या विषाणूचा ऋतूही वाटतो तितका सरळ नाही. मेलबर्नचा हिवाळा जून ते ऑगस्ट असतो आणि रोग तेथे त्याच महिन्यांत वाढे. म्हणजे तो पंचांगाचा महिना पाहत नव्हता, थंडी पाहत होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या पाहण्यांतही हिवाळ्याच्या महिन्यांतच तो अधिक आढळला. यावरून थंड व कोरडी हवा हेच कारण, असा सोपा निष्कर्ष निघतो. पण अमेरिकेत एक कोडे होते. तेथे दरवर्षी ही साथ नैर्ऋत्येकडील उबदार संस्थानांत आधी सुरू होई आणि नकाशावरून सरकत सरकत वसंतापर्यंत ईशान्येकडील कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात पोहोचे. थंडी हेच कारण असते तर क्रम उलटा हवा होता. 2009 साली व्हर्जिनिया पिट्झर व त्यांचे सहकारी यांनी गणिताच्या साहाय्याने याचे उत्तर दिले. नैर्ऋत्येकडे जन्मप्रमाण अधिक होते. त्यामुळे ज्यांना अद्याप बाधा झालेली नाही अशा तान्ह्या मुलांची संख्या तेथे लवकर भरून येई आणि साथ लवकर पेटे. लस सुरू झाल्यावर साथी उशिराने आणि एकाआड एक वर्षी येतील, असेही त्याच गणितातून निघाले, आणि पुढे अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी तसे घडले. म्हणजे ऋतू जसा आकाशातून येतो तसा तो पाळण्यांतूनही येतो. थंडी दार उघडून देते. आत किती कोरी मुले आहेत आणि विषाणूची आवृत्ती किती नवी आहे, यावर पुढचे सारे ठरते.

लशीची कथा या विविधतेमुळेच अवघड झाली. एवढ्या जातींस एक लस पुरणार कशी, अशी सर्वांस शंका होती. कपिकियन यांनी माकडाच्या सौम्य रोटाव्हायरसमध्ये माणसाच्या विषाणूंचे तुकडे मिसळून चार जातींची लस बनविली. 31 ऑगस्ट 1998 रोजी अमेरिकेत तिला परवाना मिळाला. वर्षभरात काही बालकांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरण्याचा धोकादायक प्रकार नजरेस आला. त्याचे प्रमाण दहा हजारांत सुमारे एक असे धरले गेले, आणि 1999 च्या ऑक्टोबरात लस मागे घेण्यात आली. अमेरिकेपुरता हा निर्णय समजण्यासारखा आहे, कारण तेथे या रोगाने वर्षास काही थोडी मुलेच दगावत. परंतु 2000 साली जगात या एका विषाणूने पाच लाखांहून अधिक बालके मृत्युमुखी पडली, आणि ती बहुतेक आशिया व आफ्रिका या खंडांतील होती. श्रीमंत देशाने जी लस आपल्या मुलांसाठी धोक्याची ठरविली ती गरीब देशांनी आपल्या मुलांस कोणत्या तोंडाने टोचावी वा पाजावी? त्यांनी ती घेतली नाही. नव्या लशी मोठ्या प्रमाणावर वापरात येण्यास 2006 साल उजाडावे लागले. या सात वर्षांचा हिशेब एका देशाच्या तराजूवर मांडला गेला, आणि त्याचे वजन मात्र दुसऱ्या देशांतील आयांनी उचलले.

दरम्यान दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान व त्यांचे सहकारी यांना एक विलक्षण गोष्ट आढळली होती. 1985 नंतरच्या काळात तेथील प्रसूतिकक्षातील कित्येक नवजात बालकांस रोटाव्हायरसची बाधा झाली होती, परंतु ती आजारी पडली नव्हती. पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवले असता इतर मुलांच्या मानाने त्यांना या रोगाचा उपद्रव कमी झाल्याचे दिसले. तो विषाणू तपासता तो मनुष्यजातीचाच, पण एक तुकडा गोजातीचा असलेला निघाला. निसर्गाने पत्ते आपणच पिसून एक सौम्य डाव वाटून ठेवला होता. त्याच विषाणूपासून हैदराबादेस ‘रोटाव्हॅक’ ही लस तयार झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे 6,799 बालकांवर तिची कसोटी घेण्यात आली, आणि 2014 साली तिचे फलित प्रसिद्ध झाले. तीव्र अतिसाराचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक घटले होते. पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या लशींनी याहून बरेच अधिक यश दाखविले होते, म्हणून हा आकडा कोणास उणा वाटेल. पण त्याच लशी गरीब देशांत नेल्या तेव्हा त्यांचेही यश याच सुमारास येऊन थांबले. 2016 च्या मार्चपासून हिमाचल प्रदेश, हरियाणा, ओडिशा व आंध्र प्रदेश येथे सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस देण्यास आरंभ झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने गोजातीच्या विषाणूवर बेतलेली पाच जातींची लस बनविली, ती मुळात कपिकियन यांनीच तयार केलेल्या वाणांपासून. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली, तेव्हा कपिकियन यांना जाऊन चार वर्षे झाली होती.

भारतात लस आल्यानंतर रुग्णालयांतून सापडणाऱ्या जातींवर पाळत ठेवण्यात आली. पूर्वी ज्या प्रकाराचे प्राबल्य होते त्या जी-1 प्रकाराची जागा हळूहळू जी-3 ने घेतली. लशीच्या दडपणाने हे घडले असावे, असा पहिला तर्क साहजिकच निघाला. परंतु ज्या प्रांतांत लस अद्याप पोहोचलेली नव्हती तेथील मुलांतही तोच पालट त्याच सुमारास होत असलेला आढळला.